नव्या क्लॅमला टाकीत उतरवताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लॅम, म्हणजे दोन शिंपल्यांचा समुद्री प्राणी, आणायचा म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो ड्रिपचा. क्लॅमच्या पिशवीत टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडा, दोन तास लावा, जमलं तर तीन लावा. आणि तोच सल्ला देणारा माणूस क्लॅम टाकीत गेल्या गेल्या एलईडी पूर्ण ताकदीवर करतो, कारण काय, तर त्याला उजेड लागतो. आमच्या मते हे नेमकं उलटं आहे. पिशवीतल्या खराब पाण्यातून क्लॅम जितक्या लवकर बाहेर येईल तितकं बरं. उजेडाच्या बाबतीत मात्र महिनाभर हात आखडताच ठेवायचा. कोथरूडमधल्या एका हॉलमध्ये ४ × २ × २ फुटांच्या टाकीत डेरासा जातीचा ९ सेंटिमीटरचा क्लॅम आम्ही हिवाळ्यात उतरवला, तो याच पद्धतीनं.

पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे तिसऱ्याच ना?" दोन शिंपल्यांचे म्हणून नातेवाईक म्हणायला हरकत नाही. पण तिसरी वाळूत पुरून घेऊन पाणी गाळत बसते, आणि हा गडी शिंपले वर करून आपली मांसल झालर, म्हणजे मँटल, उजेडात पसरतो. मँटलमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं क्लॅमच्या वाट्याला येतं. पुढची सगळी काळजी या एका गोष्टीतून निघते.

जात ठरवताना रंगाच्या आधी कागद बघायचे. मॅक्झिमा आणि स्क्वामोसा या दोन जाती २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. त्यामुळे लक्षद्वीपच्या किंवा अंदमानच्या समुद्रातून काढलेला क्लॅम कुणी स्वस्तात देत असेल तर फोन ठेवून द्यायचा. ट्रायडॅक्नाच्या, म्हणजे या क्लॅमच्या कुळातल्या, सगळ्याच जाती साइटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, म्हणजे परदेशातल्या फार्मवर वाढवलेल्या क्लॅमलाही परवाना लागतो. त्या परवान्यावर उगमाचं अक्षर असतं: 'सी' किंवा 'एफ' असेल तर जीव बंदिस्त जागेत जन्मलेला, 'डब्ल्यू' असेल तर निसर्गातून उचललेला. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणीही करावी लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. बिल आणि परवान्याची प्रत हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. "कागद मागून पाठवतो" म्हणणाऱ्याचे कागद कधीच येत नाहीत.

डेरासा निवडला त्याची कारणं साधी. पलाऊसारख्या ठिकाणी त्याची पैदास कित्येक दशकं होत आली आहे, तो दणकट आहे आणि क्रोशिया किंवा मॅक्झिमाइतका प्रखर उजेड मागत नाही. क्रोशिया लहान राहतो, १५ सेंटिमीटरच्या आसपास, पण तो खडकात रुतून बसणारा आणि उजेडाचा हावरा. डेरासाची अडचण वेगळी: पूर्ण वाढला तर ६० सेंटिमीटरपर्यंत जातो. काही वर्षांनी ४ फुटी टाकी त्याला पुरणार नाही, हे आजच मान्य करून घ्यायचं. आकाराचं म्हणाल तर ५ सेंटिमीटरच्या आतलं पिल्लू घेऊ नये. दिसायला गोड असतं, पण अंगात साठा नसतो आणि नुसत्या उजेडावर त्याचं भागत नाही. ७ ते १० सेंटिमीटर हा आमचा पसंतीचा टप्पा.

टाकी वर्षभर जुनी तरी असावी. आमची दोन वर्षांची होती. क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २६ अंश, अल्कलिनिटी (शिंपला बांधायला लागणारा कार्बोनेटचा साठा) ८.३ डीकेएच, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२० पीपीएम. हे आकडे कुठेही सापडतील, पण नायट्रेटबद्दल लोकांचा गैरसमज असतो. क्लॅमला पाणी स्वच्छ हवं म्हणून नायट्रेट शून्यावर आणून ठेवतात. मँटलमधल्या शैवालाला नायट्रोजन लागतो, आणि क्लॅम तो थेट पाण्यातून घेतो. पाणी अगदीच उपाशी असेल तर रंग फिका पडत जातो. आमच्या टाकीत स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि रेफ्युजियम (दिव्याखाली शैवाल वाढवायचा कप्पा) मिळून नायट्रेट १ च्याही खाली ठेवत होते. म्हणून रेफ्युजियमचा दिवा रोज १० तासांवरून ६ तासांवर आणला आणि माशांना एक वेळचं जास्त खायला सुरू केलं. तीन आठवड्यांत नायट्रेट ५ वर आणि फॉस्फेट ०.०५ वर स्थिरावलं. तांब्याचं मात्र कडक पथ्य. टाकीत पूर्वी कधी माशांच्या रोगावर तांब्याचं औषध घातलं असेल तर तिथे क्लॅम नको. पाइपलाइनमध्ये पितळी जोड असेल तर तो आधी बदलायचा.

रिफ्रॅक्टोमीटरबद्दल, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणाबद्दल, एक टीप इथेच देतो, कारण निम्मे घोटाळे त्यातून होतात. तो आरओच्या पाण्यावर शून्य लावून घेतला तरी ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग मीठ) चुकीचं दाखवू शकतो. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, त्याचा थेंब टाकून १.०२६४ दिसलं पाहिजे. आमचा जुना १.०२४ दाखवत होता, म्हणजे आम्ही कित्येक महिने खरं १.०२७ च्या वर टाकी चालवत होतो.

क्लॅम थेट मोठ्या टाकीत सोडायचा नव्हता. त्याच्यासाठी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी क्वारंटाइन टाकी लावली. पाणी ३६ लिटर, तळाला वाळू नाही. स्पंज फिल्टर तीन आठवडे आधी मोठ्या टाकीच्या संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, टाकून मुरवून घेतलेला, ५० वॅटचा हीटर, छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) आणि उंची बदलता येईल असा एलईडी. मिठाचं पाणी शून्य टीडीएसच्या आरओ-डीआय पाण्यात (आरओनंतर उरलेले क्षार डीआय रेझिन काढतं), लिटरला ३७ ग्रॅमच्या हिशेबानं. पुण्यात महापालिकेचं पाणी बरं असतं, टँकरचं कधी काय असेल सांगता येत नाही. ज्या सोसायटीत दोन्ही एकाच टाकीत पडतं तिथे डीआय रेझिन अचानक संपतं. टीडीएस मीटर दर वेळी लावायचाच. शिवाय ४० लिटर तयार खारं पाणी ड्रममध्ये फिरतं ठेवलं होतं. क्लॅम मेला तर तो काही तासांत सगळी टाकी नासवतो, तेव्हा मीठ कालवत बसायला वेळ नसतो.

तळाला एक बाथरूमची टाइल उलटी टाकली. तिची खडबडीत, रेघारेघांची बाजू वर. क्लॅम पायाजवळच्या ग्रंथीतून बिसल धागे काढून कशाला तरी चिकटतो. टाइलला चिकटला की पुढे हलवताना टाइलसकट उचलायचा, धागे तोडायचा प्रश्नच येत नाही. सगळ्या तयारीत सगळ्यांत स्वस्त वस्तू ही, आणि सर्वांत उपयोगाची.

दिवस निवडताना गुरुवार टाळला. का ते पुणेकराला सांगायला नको: दुरुस्तीसाठी वीज जाते तीही गुरुवारी, पाणी बंद तेही गुरुवारी. ऋतू म्हणून नोव्हेंबरअखेर बरा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीतला थर्माकोलचा खोका बघता बघता तापतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलट थंड असतात, तेव्हा रात्रीची बस नको.

मुंबईच्या आयातदाराला आदल्या दिवशी फोन करून दोन गोष्टी विचारल्या. क्लॅम ज्या टाकीत आहे तिची क्षारता किती, आणि पिशवी किती वाजता बांधणार? क्षारता १.०२३ होती. बरेच विक्रेते मीठ वाचवायला ती खाली ठेवतात. आता इथे ड्रिपवाले लोक पिशवीतलं पाणी हळूहळू १.०२५ वर नेत बसतात. आम्ही क्वारंटाइनचं पाणीच १.०२३ वर आणून ठेवलं, तापमान २५.५. पाहुण्याला घराची सवय लावण्याऐवजी घरच त्याच्या सवयीचं करून ठेवलेलं.

ड्रिपचं गणित एकदा करून बघा. सलाइनच्या साध्या सेटमधून २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. सेकंदाला ३ थेंब म्हणजे मिनिटाला ९ मिलिलिटर. पिशवीत दीड लिटर पाणी असेल तर ते दुप्पट व्हायला पावणेतीन तास लागतात. आणि तेवढा वेळ क्लॅम कशात बसतो? बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे तिथला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी, रूपात असतो. पिशवी उघडली, हवा लागली, वरून ८.२ पीएचचं पाणी पडायला लागलं की पीएच चढतो. ७.६ वरून ८.२ वर गेला तर विषारी अमोनियाचं प्रमाण साधारण चौपट होतं. पाणी तेच, अमोनिया तेवढाच, पण विष चौपट. सावकाश केल्याचं समाधान माणसाला मिळतं आणि गिल्स, म्हणजे कल्ले, क्लॅमच्या भाजतात.

खोका सकाळी साडेदहाला पोचला. पिशवी रात्री अकराला बांधलेली, म्हणजे साडेअकरा तास. हॉलचे पडदे ओढले, ट्यूब बंद. बंद पिशवी क्वारंटाइनच्या पाण्यावर २० मिनिटं तरंगत ठेवली. मग कात्रीनं तोंड कापून कपभर पाणी काढून तपासलं: क्षारता १.०२३, पीएच ७.६, अमोनियाचा रंग ०.५ आणि १ च्या मधला. लगेच पिशवीत प्राइमचे, म्हणजे अमोनिया निष्प्रभ करणाऱ्या द्रावणाचे, दोन थेंब. दर पाच मिनिटांनी टाकीतलं २५० मिलिलिटर पाणी पिशवीत, असं पाच वेळा. बास. पिशवी उघडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत क्लॅम बाहेर. पिशवीतलं पाणी टाकीत गेलं नाही, ते बेसिनमध्ये गेलं.

उचलताना दोन्ही हातांनी शिंपल्यांना खालून धरायचं, मँटलला बोट लागू द्यायचं नाही. आमचा क्लॅम आतल्या प्लॅस्टिकलाच चार-पाच धाग्यांनी चिकटला होता. इथे ओढाओढ केली तर धागे ग्रंथीसकट उपटून येतात, आणि ती जखम क्लॅमला सहसा झेपत नाही. रुपयाच्या नाण्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा भोवतीनं कापून तो तसाच राहू दिला. तिसऱ्या दिवशी त्यानं धागे स्वतःच सोडले आणि तुकडा वर तरंगत आला. पाण्याबाहेर काढताच त्यानं शिंपले आवळले आणि हातभर लांब पिचकारी मारली. बळ आहे याची ती खूण. मोबाइल मात्र लांब ठेवावा.

क्षणभर पाण्याबाहेर आल्यानं त्याचं काही बिघडत नाही, पण परत बुडवताना आत हवा कोंडू द्यायची नाही. आडवा धरून बुडवायचा, पाण्याखालीच हळूहळू दोन्ही कुशींवर कलंडवायचा, बुडबुडे यायचे थांबले की सरळ करायचा. टाकीत सोडण्याआधी टाकीचंच पाणी घेतलेल्या पातेल्यात शिंपल्यांची बाहेरची बाजू मऊ टूथब्रशनं घासली. बिजागरीची बाजू नीट, पट्ट्यांच्या खाचा नीट, बिसल उघडीपाशी ब्रश न लावता नुसती नजर. बिजागरीजवळ मोहरीएवढा एक पारदर्शक जेलीसारखा ठिपका होता. तो नखानं खरवडून काढला. ती पिरॅमिडेलिड गोगलगायीची अंडी होती.

आता उजेड. पहिल्या दिवशी दिवा लावलाच नाही, खिडकीचा उजेड पुरे. दुपारी तीनपर्यंत शिंपले जेमतेम उघडे, सहा वाजता मँटलची कड शिंपल्याच्या ओठापर्यंत आली. अशा वेळी लोक घाबरून जागा बदलत राहतात. हात लावू नये. दुसऱ्या दिवसापासून टाइलपाशी ६० पार (शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप), तेही चारच तास. मोबाइलमधली ॲप निळ्या उजेडात फसतात, म्हणून ओळखीच्या हौशी मंडळींकडून अपोजीचा पार मीटर आठवडाभर मागून आणला होता. पहिला आठवडा ६०, दुसरा ८०, तिसरा १००, चौथा १२०, आणि वेळ चार तासांवरून आठवर. नर्सरीतल्या सावलीतलं रोप मे महिन्यात थेट गच्चीवर ठेवलं तर काय होतं ते आपण सगळ्यांनी करून पाहिलेलं आहे. क्लॅमच्या शैवालाचंही तेच: प्रवासात अंधारात राहिलेलं असतं, एकदम प्रखर उजेड मिळाला की क्लॅम ते बाहेर टाकायला लागतो आणि मँटल मधोमध पांढरं पडत जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपकिरी चिकट तंतू थोडे दिसले तर चालतं. रोजच दिसायला लागले तर उजेड कमी करायचा.

बरं आहे की नाही हे सायफनवरून कळतं. क्लॅमला दोन तोंडं असतात. एक लांबट फट, पाणी आत घेणारी, डेरासात तिच्या कडेला बारीक झालरीसारखे तंतू. दुसरं छोटं धुराड्यासारखं, पाणी बाहेर सोडणारं. फट आ वासून आतल्या गिल्स दिसायला लागल्या, मँटल शिंपल्याच्या आत लोंबतंय, सावली पडली तरी हालचाल नाही, तर प्रकरण गंभीर. मँटलच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात, सावली पडली की निरोगी क्लॅम दचकून आकसतो. आमचा पहिल्या संध्याकाळी दर काही सेकंदांनी आकसत होता. ट्यूब लावल्यावर छताच्या पंख्याची पाती टाकीवर सावली टाकत होती! पंखा बंद केला, प्रश्न मिटला.

क्षारता वाढवायला वेगळं काही करावं लागलं नाही. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात बाष्पीभवन भरपूर. दोन-तीन दिवस उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानं न घालता खाऱ्या पाण्यानं घातली. रोज साधारण ०.००१ नं चढत चौथ्या दिवशी १.०२५ च्या थोडी वर. त्यानंतर एक दिवसाआड ४ लिटर पाणी बदल.

सहाव्या रात्री एक वाजता लाल काचकागद लावलेल्या टॉर्चनं पाहिलं. पिरॅमिडेलिड दिवसा दडून बसतात, म्हणून दिवसा तपासून "काही नाही" म्हणण्याला अर्थ नाही. मँटल आत ओढलेलं होतं आणि शिंपल्याच्या ओठावर तांदळाच्या कणीसारखे तीन पांढरे ठिपके. जवळून पाहिलं तर कणी नाही, टोकदार, पेचदार शंख. त्यातल्या एकाची सोंड मँटलच्या कडेत खुपसलेली. ही गोगलगाय क्लॅमचं रक्त शोषते. एक-दोन असतील तर मोठा क्लॅम सोसतो, पण त्यांची संख्या झपाट्यानं वाढते आणि मग क्लॅम महिनाभरात झिजून जातो. चिमट्यानं तिन्ही काढल्या, सकाळी टाइलसकट उचलून पातेल्यात परत ब्रश. टाइलच्या कडेला अंड्यांचे आणखी दोन ठिपके मिळाले. बहुधा पहिल्या दिवशी बिसल उघडीच्या आत एखादी लपलेली राहिली असावी. त्यानंतर एक रात्र सोडून तपासणी. बाराव्या रात्री एक, मग काहीच नाही. शेवटची सापडल्यापासून तीन आठवडे स्वच्छ गेल्याशिवाय मोठ्या टाकीत न्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं, कारण अंड्यातून निघून मोठी व्हायला त्यांना काही आठवडे लागतात. मोठ्या टाकीत सिक्स लाइन रास नावाचा मासा आहे, तो या गोगलगायी खातो, पण त्याच्यावर विसंबून क्वारंटाइन टाळणं बरोबर नाही. रात्री तो झोपलेला असतो.

नवव्या दिवशी मँटलची डावी बाजू चुरगळल्यासारखी दिसली. पिंच्ड मँटल नावाचा रोग आहे, त्यात मँटल ठिकठिकाणी आवळल्यासारखं होतं. त्यावर हौशी लोक गोड्या पाण्यात बुडवण्याचा इलाज करतात: आरओचं पाणी, खायच्या सोड्यानं पीएच ८.२ वर आणलेलं, तापमान टाकीइतकंच, २५ ते ३० मिनिटं. अघोरीच इलाज आहे, पण बरेच क्लॅम त्यातून वाचलेत. नव्या, थकलेल्या क्लॅमला तो "खबरदारी म्हणून" द्यावा असं काही जण म्हणतात, आम्हाला ते पटत नाही. आधी साधी चाचणी केली: पॉवरहेड अर्धा तास बंद. वीस मिनिटांत डावी बाजू पूर्ण पसरली. म्हणजे रोग नव्हे, पाण्याचा झोत. आदल्या दिवशी काच पुसताना पॉवरहेडचं तोंड आमच्याच हातून वळलं होतं. झोत काचेवर आपटून परत येईल असा फिरवला. क्लॅमला प्रवाह हवा, पण मँटलची कड झुळकीत हलावी इतकाच. कड उलटी दुमडली तर जास्त झाला.

खाण्याचं थोडक्यात: ९ सेंटिमीटरच्या क्लॅमला फायटोप्लँक्टनची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालाची, सक्ती नाही. क्वारंटाइनमध्ये मासे नव्हते म्हणून एक दिवसाआड १० मिलिलिटर जिवंत नॅनोक्लोरोप्सिस दिलं, एवढंच. बाटलीबंद मेलेलं फायटो ओतून ३६ लिटरमध्ये अमोनिया वाढवण्यात शहाणपण नाही.

सहाव्या आठवड्यात टाइलसकट मोठ्या टाकीत. तोवर धागे टाइलला इतके घट्ट की टाइल तिरकी केली तरी क्लॅम जागचा हलत नव्हता. टाइल वाळूत सेंटिमीटरभर दाबली म्हणजे दिसत नाही. वाळूवर त्या जागी १८० पार होता, क्वारंटाइनमध्ये १२०. हा फरक मच्छरजाळीनं भरून काढला. फायबरची जाळी चौकटीत ताणून पाण्याच्या वर, बरोबर क्लॅमच्या डोक्यावर. एका थरानं साधारण चौथा हिस्सा उजेड अडतो, दोन थरांखाली मीटर १०० दाखवत होता. आठ दिवसांनी एक थर काढला, १३५. आणखी आठ दिवसांनी दुसरा. अख्ख्या टाकीचा दिवा कमी करून बाकीच्यांना उपाशी ठेवण्यापेक्षा हे सोपं.

जागा निवडताना शेजारी बघायचे. डंख करणाऱ्या ॲनिमोनीपासून हातभर लांब. एंजल आणि बटरफ्लाय मासे असतील तर क्लॅमचा नादच सोडावा, ते मँटल टोचून टोचून खातात. आमच्याकडे ते नव्हते, पण बीळ उकरणारा वॉचमन गोबी मासा होता. त्यानं दुसऱ्याच रात्री मँटलवर वाळूचा ढीग टाकला. बेस्टरनं, म्हणजे आपल्या ड्रॉपरसारख्या लांब पिचकारीनं, वाळू हलकेच उडवली आणि टाइलच्या त्या बाजूला सेरॅमिक खडकाचे दोन तुकडे आडवे ठेवले. गोबीनं बीळ दुसरीकडे नेलं.

मोठ्या टाकीत आल्यावर अल्कलिनिटी रोज मोजली, एकाच वेळी, दिवा लागायच्या आधी. आधी दिवसाला ०.२ डीकेएच उतरायची, तिसऱ्या आठवड्यापासून ०.३. क्लॅम शिंपला बांधतोय याचा हा पहिला पुरावा, डोळ्यांना दिसायच्या आधीचा. भर घालायला रात्री चुन्याची निवळी ठिबकवतो, लिटरला दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, साका खाली बसू देऊन वरचं पाणी. पानाचा चुना वापरू नका, त्यात काय काय असतं कुणास ठाऊक. मधेच अल्कलिनिटी घसरली तर खायचा सोडा चालतो: टाकीत निव्वळ पाणी ३८० लिटर असेल तर १ डीकेएच वाढवायला साडेअकरा ग्रॅम. पण एका दिवसात अर्ध्या डीकेएचच्या वर चढवायचं नाही, आणि सोडा आधी आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवायचा. कोरडा सोडा क्लॅमच्या जवळ पडला तर मँटल भाजतं.

अठ्ठावन्नाव्या दिवशी शिंपल्याच्या ओठावर चुन्याची ताजी पांढरी कड दिसली, दोन्ही बाजूंना सारखी, जेमतेम एक मिलिमीटर. त्याच आठवड्यात जोडीतल्या थोरल्या क्लाउनफिशनं मँटलमध्ये अंग घासायला सुरुवात केली. त्याचा स्पर्श झाला की क्लॅम मिटतो, पाच मिनिटांनी परत उघडतो. दिवसातून आठ-दहा वेळा चाललंय तोवर चालू देणार आहोत. मँटल पूर्ण पसरायचं थांबलं तर क्लॅमभोवती 'एगक्रेट' म्हणतात त्या प्लॅस्टिकच्या चौकोनी जाळीचा पिंजरा घालायचा, तो कापून संपच्या कपाटात ठेवलाय.